लंगोटात रक्त दिसलं तर...



या अंकातला आरोग्याचा धडा तान्ह्या बाळाच्या शीबद्दल आहे. बैठकीत मोठ्याने वाचताना काही जणी तोंडाला पदर लावून हसतील. हसू दे. पण धडा शेवटपर्यंत वाचा, कारण यातली एक गोष्ट मला वेळेवर माहीत नव्हती आणि त्यामुळे आमच्या घरात एक रात्र फुकट गेली.

माझ्या धाकट्या जावेचं दुसरं बाळंतपण श्रावणात झालं. ओढ्याला पाणी आलेलं, गाडी पलीकडे अडकलेली, म्हणून घरीच झालं. मुलगा झाला, लगेच रडला, अंगावर प्यायलाही लागला. पहिले दोन दिवस काळी चिकट शी झाली, तिसऱ्या दिवशी हिरवट-पिवळी. चौथ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा काळी झाली, डांबरासारखी. सासूबाई म्हणाल्या, "मळ राहिला असंल पोटात, पडू दे." मी तेव्हा समूहाची सचिव, आरोग्याची दोन प्रशिक्षणं झालेली, आणि मीही मान हलवली. रात्रीतून तशीच शी अजून दोनदा झाली. पहाटे बेंबीवरचं फडकं उचललं तर ते रक्ताने भिजलेलं. मग धावपळ. तोवर पाणी उतरलं होतं. दुधाच्या टेम्पोत बसून आम्ही ग्रामीण रुग्णालय गाठलं.

डॉक्टरांनी बाळाला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "जन्मल्यावर 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं का?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते कसलं इंजेक्शन, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

हे 'के' काय आहे

भाजी चिरताना बोट कापलं तर थोड्या वेळात रक्त आपोआप थांबतं, कारण रक्त गोठतं. रक्त गोठायला जे घटक लागतात त्यातले काही आपलं लिव्हर तयार करतं आणि ते तयार करायला 'के' जीवनसत्त्व लागतं. आपल्याला ते पालेभाज्यांतून मिळतं, थोडं आतड्यातले उपयोगी जिवाणू बनवतात. बाळाचं तसं नसतं. आईच्या पोटात असताना नाळेतून 'के' फार थोडं जातं. जन्मल्यावर आतड्यात ते जिवाणू अजून वस्तीला आलेले नसतात. आणि आईच्या दुधात ते अगदी कमी असतं, एका लिटरमध्ये साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम. बाळाला जन्मल्यावर जे इंजेक्शन देतात ते १ मिलिग्रॅमचं असतं, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम.

इथे लगेच कुणी म्हणेल, मग आईचं दूध कमी पडतं की काय? अजिबात नाही. आईचं दूधच बाळाला आतड्याच्या आजारांपासून वाचवतं, ते पुढे येईलच. फक्त ही एक गोष्ट त्यात थोडी आहे आणि ती एका इंजेक्शनने भरून निघते. बाळंतिणीने मेथी, पालक, शेपू भरपूर खावं, तिच्या अंगाला ते हवंच आहे, पण रोजच्या भाजीतून बाळापर्यंत पुरेसं 'के' पोचत नाही.

याचा शोध कसा लागला तेही सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी कोंबड्या पाळतात. डेन्मार्कमध्ये हेन्रिक डॅम नावाचे शास्त्रज्ञ १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांना चरबी काढलेलं खाद्य देऊन काही वेगळंच तपासत होते. पिल्लांच्या अंगात रक्तस्राव व्हायला लागला. त्या खाद्यात कशाची तरी उणीव होती. ते जीवनसत्त्व सापडलं आणि रक्त गोठण्याला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्याच्या पहिल्या अक्षरावरून त्याला 'के' नाव दिलं. त्यासाठी १९४३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. बाळांचा हा आजार मात्र त्याआधीपासून डॉक्टरांना माहीत होता. बोस्टनच्या डॉ. टाउनसेंड यांनी १८९४ मध्येच अशा ५० बाळांबद्दल लिहून ठेवलं होतं. उपाय तेवढा सापडायचा होता.

इंजेक्शन न मिळालेल्या दर हजार बाळांत साधारण अडीच ते सतरा बाळांना पहिल्या आठवड्यात असा रक्तस्राव होऊ शकतो. बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसात. शीतून, उलटीतून, बेंबीतून, नाकातून, सुई टोचल्या जागेतून. काही बाळांना तो उशिरा होतो, दोन आठवड्यांपासून ते सहा महिन्यांपर्यंत, आणि तो जास्त वाईट, कारण तेव्हा रक्त बऱ्याचदा मेंदूत होतं. चांगलं खेळणारं, अंगावर पिणारं, गुटगुटीत बाळ अचानक मलूल पडतं, उलट्या करतं, टाळू फुगते, झटके येतात. त्याआधी काही दिवस नाकातून चार थेंब रक्त, अंगावर काळानिळा डाग अशी खूण दिसलेली असते आणि कुणीतरी "नजर लागली" म्हणून सोडून दिलेली असते.

आपल्याकडे बारशाच्या सुमारास कान टोचतात, काही घरांत सुंता होते. बाळाला 'के' मिळालंय का, हे त्याआधी बघा. कान टोचल्यावर रक्त थांबतच नसेल तर हळद दाबून वाट बघत बसू नका.

ज्या बाईला फिटच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू आहेत, तिच्या बाळाला पहिल्या २४ तासांतच रक्तस्राव होण्याची भीती असते. तिने गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, पण तपासणीच्या वेळी आणि बाळंतपणाला गेल्यावर डॉक्टरांना ठळकपणे सांगायचं.

काळी शी आणि काळी शी

आता माझी चूक. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळपट-हिरवी चिकट शी ही बाळाची साहजिक शी आहे. आईच्या पोटात असल्यापासून साठलेली असते. बाळ नीट प्यायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती हिरवट आणि मग मोहरीसारखी पिवळी, पातळ होते. एकदा पिवळी झालेली शी पुन्हा डांबरासारखी काळी झाली, तर तो राहिलेला मळ नव्हे. पोटात वरच्या भागात रक्त झालं की ते खाली येईपर्यंत काळं पडतं. ओल्या पांढऱ्या फडक्यावर पुसून बघितलं तर साहजिक शीची कड हिरवट दिसते आणि रक्ताची लालसर तपकिरी. हे बघा जरूर, पण बघून घरी थांबू नका.

लाल ताजं रक्त दिसलं तर ते बहुतेक वेळा खालच्या भागातलं असतं. रंगावरून सगळं ठरत नाही, पण डॉक्टरांना तो सांगता आला पाहिजे.

रक्त किती गेलं याचा अंदाजही घरात चुकतो. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम पाव लिटर रक्त असतं. त्यातलं दोन मोठे चमचे गेलं म्हणजे आठवा हिस्सा गेला. आपल्या अंगातून तेवढाच हिस्सा जायचा तर अर्धा लिटर जावं लागेल. "थोडंसंच तर आहे" हे वाक्य तान्ह्या बाळाच्या बाबतीत वापरूच नये असं माझं मत आहे.

सगळंच लाल रक्त बाळाचं नसतं

घाबरवून सोडायचं नाही, म्हणून आता दुसरी बाजू. आमच्या समूहातल्या एका ताईच्या नातीने सहाव्या दिवशी दूध टाकलं ते रक्तासकट, आणि शीही काळपट. घरात रडारड. दवाखान्यात डॉक्टरांनी बाळ तपासलं आणि मग बाळाच्या आईला पडद्यामागे नेऊन तिची स्तनाग्रं बघितली. दोन्हीकडे खोल चिरा पडलेल्या. पोरगी लाजेने आणि दुखण्याने कुणाला बोलली नव्हती. बाळ दुधाबरोबर तिचंच रक्त गिळत होतं. बाळंतपणाच्या वेळी बाळाने आईचं रक्त गिळलं तरीही पहिल्या दोन दिवसांत असं दिसतं.

रक्त आईचं की बाळाचं हे ओळखायची एक सोपी तपासणी १९५५ पासून माहीत आहे. बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा वेगळं असतं. नमुन्यात पाणी मिसळून अल्कली टाकली तर आईचं रक्त पिवळट तपकिरी होतं, बाळाचं गुलाबीच राहतं. म्हणूनच मी म्हणते की डाग पडलेला लंगोट धुऊन टाकू नका. स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्या. आपल्याकडे पहिला हात नळाकडे जातो आणि डॉक्टरांसमोर नुसतं वर्णन उरतं. निदान मोबाईलवर फोटो तरी काढा.

चिरा पडल्या म्हणून पाजणं बंद करायचं नाही. बाळ नुसतं टोक ओढत असेल तर चिरा पडतात. भोवतालचा काळा भाग तोंडात जाईल असं धरायला आशाताई किंवा सिस्टर शिकवतात. पाजून झाल्यावर शेवटचं दूध तिथेच चोळून वाळू द्यावं.

काही गोष्टी तर रक्तच नसतात. पहिल्या काही दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी पावडरीसारखा डाग दिसतो, तो लघवीतल्या क्षारांचा. दूध वाढलं की जातो. चार-पाच दिवसांनंतरही दिसत राहिला तर बाळाला दूध पुरत नाही असं समजून दाखवावं. मुलीला पहिल्या आठवड्यात लघवीच्या जागेतून रक्ताचा ठिपका किंवा पांढरा चिकट स्राव दिसू शकतो. आईची संप्रेरकं तिच्या अंगात उतरलेली असतात, ती कमी होताना असं होतं. तिथे चोळू नका, तेल भरू नका. आणि लोहाचे थेंब चालू असलेल्या बाळाची शी काळपट हिरवी होतेच.

आता चिरांबद्दल, बाळाच्या. कडक शी झाली तर शीच्या जागेला बारीक चीर पडते आणि शीच्या वरून लाल रेघ दिसते. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला हे सहसा होत नाही, वरचं दूध सुरू केलं की होतं. आणखी एका कारणाने होतं, ते आपल्या घरातलंच आहे. बाळाला दोन दिवस शी झाली नाही की विड्याच्या पानाचा देठ नाहीतर साबणाची कांडी आत सारायची. हे बंद करा बायांनो. महिन्यानंतर अंगावर पिणाऱ्या बाळाला चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी होत नाही आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. पोट मऊ, बाळ पितंय, लघवी होतेय, मग देठ कशाला?

बाळ एकदम ठणठणीत, वजन वाढतंय, पण दोन-आठ आठवड्यांच्या वयात शीत शेंबडासारखी आव आणि रक्ताचे धागे दिसतात, असंही होतं. काही बाळांना गाई-म्हशीच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही. वरचं दूध न देताही हे होऊ शकतं, कारण आई जे दूध पिते त्यातलं थोडं प्रथिन तिच्या दुधात उतरतं. तेव्हा डॉक्टर आईला काही आठवडे दूध-दही बंद करायला सांगतात. हे त्यांनी सांगितल्यावरच करायचं. बाळंतिणीच्या ताटातून आपण आधीच इतकं काढून घेतो की आता कुठल्या सासूबाईने हा धडा वाचून तिचं दूधही बंद करू नये, एवढी विनंती आहे. शेळीचं दूध चालेल हाही गैरसमज, त्यातली प्रथिनं जवळपास तशीच असतात.

यात तासाचाही उशीर नको

उलटी हिरवी झाली तर. पिवळी नव्हे, पोपटासारखी हिरवी. आतड्याला पीळ पडला की पुढे रस्ता बंद होतो, पित्त वर येतं आणि पिळलेल्या आतड्याचं रक्त तुटतं. काही तासांत आतडं काळं पडू शकतं. रक्ताची शी तर उशिरा येते, हिरवी उलटी आधी. याला ऑपरेशनच लागतं.

दिवस भरायच्या आधी झालेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल आणि त्याचं पोट फुगून चकचकीत झालं, दूध पचेना, शीत रक्त आलं, तर आतड्याला सूज येऊन ते सडायला लागलेलं असू शकतं. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळालाही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे होतं. अशा बाळांना आईचं दूध हे खरंच औषध आहे. पावडरच्या आणि वरच्या दुधावर हा धोका वाढतो.

रक्ताबरोबर बाळ दूध ओढेनासं झालं, हातपाय गार पडले, अंग तापलं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाला, छाती आत ओढली जातेय, रडणं क्षीण झालं, रंग पांढरा किंवा निळसर पडला, यातलं काहीही एक दिसलं तरी निघायचं. थोडं मोठं, तीन महिन्यांच्या पुढचं बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळत असेल आणि जांभळाच्या जेलीसारखी लाल आव पडत असेल, तर आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. तेही लगेच न्यायचं.

एक उलटी खूणही लक्षात ठेवा. दोन आठवड्यांनंतरही बाळाची कावीळ गेली नाही आणि शी पांढरट, शाडूच्या मातीसारखी असेल, तर पित्ताचा मार्ग बंद असू शकतो. अशा बाळाला 'के' अंगी लागत नाही, म्हणून रक्तस्रावही होतो. त्याचं ऑपरेशन पहिल्या ६० दिवसांत झालं तर यश जास्त. "कावीळ उतरवून" आणण्यात हे दिवस जातात.

आणि चटके. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. इतर भागातही डागण्या दिल्याचं ऐकू येतं. आतडं आधीच दुखावलेलं, त्यावर भाजलेली कातडी आणि तिच्यातून जंतू. गुटी, मध, एरंडेल, जन्मघुटी हेही सहा महिन्यांपर्यंत नको.

निघताना

सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही, ही रीत विश्रांतीसाठी होती. आजारी बाळाला ती लागू नाही. १०८ ला किंवा १०२ ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला एक वर्षापर्यंत सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध, रक्त, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा वेगळा अतिदक्षता कक्ष असतो. तरी वाटखर्च, सोबतीच्या माणसाचं जेवण हे लागतंच. त्यासाठी ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी आहे. अध्यक्ष-सचिवांनी अशा वेळी पुढच्या बैठकीची वाट न बघता पैसे हातात द्यावेत आणि ठराव मागाहून लिहावा, असा ठराव आधीच करून ठेवा.

बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या, वाटेत गार पडू देऊ नका. ओढत असेल तर पाजत न्या. पण उलटी हिरवी असेल किंवा पोट फुगलेलं असेल तर तोंडाने काहीच नको. कार्ड आणि लंगोटाची पिशवी घ्या.

आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटते, घरी जन्मलेल्याला पहिल्या दिवशीही. ही घरभेटींची पद्धत आपल्या गडचिरोलीतल्या ३९ गावांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या कामातून उभी राहिली. आमच्या ओढ्यापलीकडे त्या आठवड्यात आशाताईही पोचू शकली नव्हती. तिला फोन मात्र करता आला असता. तो मी केला नाही.

जावेच्या बाळाला त्या सकाळी 'के'चं इंजेक्शन दिलं, मग जिल्ह्याला पाठवलं. तिथे रक्तातला गोठवणारा घटक चढवला. सहाव्या दिवशी घरी आला. आता चौथीत आहे आणि माझ्याच पिशवीतून समूहाची पेनं पळवतो.

२०१४ पासून केंद्र सरकारची सूचना आहे की जन्मलेल्या प्रत्येक बाळाला हे इंजेक्शन मांडीत द्यायचं. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम. पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन या. बाळाच्या जन्माच्या नोंदीत 'व्हिटॅमिन के' शोधायचं. इंग्रजी वाचता येत नसेल तर के अक्षर असं असतं: एक उभी रेघ, आणि तिला उजवीकडून टेकलेल्या दोन तिरक्या काड्या. आमच्या समूहात आम्ही हे केलं तेव्हा एका कार्डावर ती जागा कोरी निघाली. बाळ पाच आठवड्यांचं, दवाखान्यात जन्मलेलं. दुसऱ्या दिवशी आई कार्ड घेऊन सिस्टरांकडे गेली. रजिस्टर उघडलं, तिथेही नोंद नव्हती. डॉक्टरांनी बाळ तपासलं आणि मांडीत इंजेक्शन दिलं.